भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना वीजबिलात काही सवलत मिळते का? (गोवा)

कुळागर

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फर्मागुडीच्या बाजूला एका चाळीत भाड्यानं राहतात. मूळच्या कर्नाटकात हावेरीकडच्या, नवरा सेंट्रिंगच्या कामावर. थोरला मुलगा इथेच जन्मला, आता दहावीला आहे. खोली एकच. त्यात एक पंखा, दोन दिवे, टीव्ही आणि कुणीतरी दिलेला जुना फ्रिज.

मालकानं प्रत्येक खोलीला सब-मीटर लावलाय आणि तो युनिटला दहा रुपये घेतो. या महिन्यात मावशींचे ८७ युनिट झाले, म्हणजे ८७० रुपये, भाडं वेगळं. त्याच दिवशी आमचं बिल आलं. आमच्याकडे तीन पंखे, वॉशिंग मशीन, मुलांसाठी गीझर, वर कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, पंपही थोडा त्याच मीटरवर. युनिट २४० आणि रक्कम जवळपास मावशींच्या एवढीच! मी ते कागद शेजारी शेजारी ठेवून बघत बसले.

प्रश्न साधा आहे. गरीब घरांना वीजबिलासाठी सरकारची काही मदत आहे का, आणि असली तर ती यांच्यापर्यंत पोचवायची कशी? राजकारण नको, माहिती हवी.

फ्यूजवाला

वीज खात्यातच आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

आपल्याकडे वीज विकते ती कंपनी नाही, सरकारी खातंच. दर मात्र खातं ठरवत नाही. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी जो संयुक्त वीज नियामक आयोग आहे, तो ठरवतो. घरगुती दराचे पाच टप्पे: महिन्याला १०० युनिटपर्यंत, २०० पर्यंत, ३०० पर्यंत, ४०० पर्यंत आणि त्यावर. पहिल्या टप्प्याचा दर दोन रुपयांच्या आसपास, शेवटच्या टप्प्याचा त्याच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय अगदी कमी भार आणि कमी वापर असलेल्या अल्प उत्पन्न घरांसाठी वेगळा गट आहे, त्याचा दर आणखी खाली.

म्हणजे मदत आहे. ती योजना म्हणून जाहीर होत नाही, दरातच मुरलेली असते, म्हणून कुणाला दिसत नाही. आणि ती मिळते मीटर ज्याच्या नावावर त्याला. तुमच्या मावशींचा स्वतःचा मीटर असता तर ८७ युनिट पहिल्याच टप्प्यात बसले असते. स्थिर आकार, इंधन अधिभार, वीज कर सगळं धरूनही बिल आजच्या निम्म्याच्या खाली आलं असतं.

आता चाळीचं बघा. दहा खोल्यांना मुख्य मीटर एक. सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात, चारशेचा टप्पा पहिल्या पंधरवड्यातच ओलांडला जातो आणि पुढचं सगळं वरच्या दरानं. दहा गरीब घरं मिळून कागदावर एक श्रीमंत घर होतं. तरीसुद्धा वरचा टप्पा दहा रुपयांच्या बराच खाली आहे. मधला फरक मालकाच्या खिशात.

पारोडो

एकाच बाजूनं बोलू नका. माझ्या आईच्या चार खोल्या भाड्यानं आहेत. पाण्याचा पंप, बाहेरचे दिवे, वायरिंगची दुरुस्ती, हे सगळं युनिटच्या दरातच बसवावं लागतं. शिवाय भाडेकरू न सांगता रात्रीत निघून जातो, ते बिल कोण भरतो? वेगळा मीटर दिला आणि तो थकबाकी ठेवून गेला तर पुढच्याला कनेक्शन देताना खातं आमच्याकडे येतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या के. सी. निनन प्रकरणात हेच सांगितलं, की नियमात तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी नाकारता येते. मालक घाबरतो तो उगाच नाही.

दहा रुपये जास्त आहेत हे मान्य. आम्ही सात घेतो.

फ्यूजवाला

पारोडो, तुमची भीती खरी आहे, पण उपाय कायद्यातच आहे. वीज कायदा २००३ चं कलम ४३ वाचा. जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तरी वीज द्यायला परवानाधारक, म्हणजे आपल्याकडे वीज खातं, बांधील आहे. ग्राहक हक्क नियम २०२० चे, त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये मुदत कमी केली: अर्ज पूर्ण असेल तर महानगरात ३ दिवस, पालिका हद्दीत ७, ग्रामीण भागात १५. भाडेकरार आणि मालकाची ना-हरकत जोडली की काम सरळ होतं. नवी जोडणी देताना अनामत घेतात, थकबाकीचा धोका बराचसा त्यातच भागतो. आणि बिल थकलं तर कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन जोडणी तोडता येते, म्हणजे थकबाकी डोंगराएवढी व्हायचं कारण नाही.

दुसरी बाजूही सांगतो. परवाना नसताना वीज विकायला कलम १२ नं बंदी आहे. आलेलं बिल भाडेकरूंनी वाटून घेणं वेगळं, युनिटमागे नफा काढणं वेगळं. पंपाचा खर्च भाड्यात धरा, युनिटमध्ये कशाला?

कुळागर

काका, कायदा कळला. पण मावशी ना-हरकत मागायला गेल्या तर मालक म्हणेल, "खोली रिकामी कर." करार तोंडीच आहे. फर्मागुडीत इंजिनिअरिंगच्या मुलांमुळे खोल्यांना मागणी केवढी, तुम्हाला माहीतच आहे. मुलगा दहावीला, आत्ता खोली गेली तर?

माटोळी

कुळागर, वीज थोडा वेळ बाजूला ठेव. स्वयंपाक कशावर करतात ते विचारलंस का?

मी सत्तरीत बचत गटांचं काम बघते. घराचं इंधन म्हटलं की लोक फक्त वीजबिल धरतात, पण गरीब घरात जास्त पैसे गॅसला जातात. ज्यांचं अंत्योदय कार्ड आहे त्यांना २०२३ पासून राज्य सरकार सिलिंडर भरायला महिन्याला २७५ रुपये देतं. तेव्हा उज्ज्वलाचे २०० धरून ९०३ चा सिलिंडर ४२८ ला पडायचा. त्यानंतर केंद्रानं दरही उतरवला आणि उज्ज्वलाची सबसिडी ३०० केली. २०२५-२६ साठी मात्र वर्षाला बाराऐवजी नऊच भरणांवर ती ठेवलीय.

अडचण अशी की राज्याचे २७५ गोव्याच्या अंत्योदय कार्डावर मिळतात. मावशींचं कार्ड हावेरीचं असणार. एक देश एक रेशनमध्ये त्या कार्डावर इथे तांदूळ मिळतो, पण २७५ नाहीत.

कुळागर

विचारलं. पाच किलोचा छोटा सिलिंडर बाजारातून भरून आणतात. शिवाय अंघोळीचं पाणी बाहेर तीन दगडांवर, चुडतं (नारळाच्या झावळ्या) आणि करवंट्या जाळून. आमच्याच कुळागरातली चुडतं नेतात, हे मला आत्ता कळलं.

माटोळी

मग उज्ज्वलाचा अर्ज लगेच करा. ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हापासून स्थलांतरित कुटुंबाला इथल्या पत्त्याचा पुरावा किंवा रेशन कार्ड लागत नाही, स्वयंघोषणापत्र चालतं. कुटुंबात कुणाच्या नावावर आधी गॅस नसावा, एवढं मात्र बघा. गावी सासूच्या नावावर असेल तर घर वेगळं आहे हे दाखवावं लागेल. हे एजन्सीवाले आपणहून सांगत नाहीत, म्हणून सोबत कुणीतरी जा. आमच्याकडे बायका एकट्या गेल्या की "उद्या या", आणि सोबत कुणी शिकलेलं दिसलं की अर्ज लगेच बाहेर येतो.

बाजारातला छोटा सिलिंडर सोयीचा, पण किलोमागे महाग पडतो आणि त्यावर सबसिडी काहीच नाही. इथेही गरिबाला दर जास्त, वीजबिलासारखाच प्रकार.

शिगमो

२०२१ मध्ये केजरीवाल पणजीत येऊन ३०० युनिट फुकट देतो म्हणाले होते, आठवतं ना? निवडून दिलं असतं तर हा धागाच निघाला नसता 😀

स्विंडनकार

निघाला असता. ३०० युनिटही मीटरवाल्यालाच मिळाले असते. चाळीतल्या दहा खोल्या मिळून ३००, म्हणजे खोलीला तीस. मालकानं तेही दिले नसते.

मी मूळचा डिचोलीचा, आता इंग्लंडात स्विंडनला. इथे निम्म्या गल्लीत गोंयकार. इथली थंडी आणि बिलं दोन्ही अंगावर येतात, म्हणून तुलना करू नये, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इथे भाडेकरूच्या नावावर मीटर असणं हीच सर्वसाधारण पद्धत. आणि जिथे घरमालक स्वतः वीज घेऊन खोल्यांना देतो, तिथे ऑफजेम या नियामकाचा नियम आहे, की मालकाला ज्या दरानं पडली त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त घेतले तर भाडेकरू वसूल करू शकतो.

कमी उत्पन्नवाल्यांना हिवाळ्यात वीजबिलातून १५० पौंडांची सूटही मिळते. बहुतेकांची ती आपोआप बिलातून वजा होते, कारण सरकारकडे कोण कुठला भत्ता घेतो त्याची यादी असते आणि ती वीज कंपनीच्या यादीशी ताडून बघतात. अर्ज नाही, रांग नाही. पण इथेही सब-मीटरवाल्या खोलीतला माणूस त्या यादीत सापडत नाही. आमच्या ओळखीचे गोव्याचे दोन संसार असेच राहिलेत.

पारोडो

बघा, साहेबांच्या देशातही तेच.

नळीचं कौल

भाडेकरूंचंच कशाला, पेडण्यात आमच्या वाड्यावर मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांची, घरं बघा. घर यांचं, राहतात तीन पिढ्या, घरपट्टी हेच भरतात, आणि मीटर अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर. काहींचा तर भाटकाराच्या नावावर. मुंडकार कायदा १९७५ चा, तरी नोंदणी न झालेली घरं आजही आहेत. अल्प उत्पन्न गटासाठी अर्ज करायला जा, पहिला प्रश्न: "हे ग्राहक कोण? ते कुठेत?"

नाव बदलून घ्यायला वारसांच्या सह्या लागतात. एक वारस मुंबईत, एक पोर्तुगालमध्ये, एकाशी बोलणं नाही. म्हणून लोक आजोबांच्या नावानंच बिल भरत राहतात.

फ्यूजवाला

नळीचं कौल, नाव बदलताना वारसांचा घोळ असेल तर राहणाऱ्यानं हमीपत्र देऊन बघावं. वीज जोडणीनं घराची मालकी सिद्ध होत नाही, तसं बिलावर छापलेलंच असतं बहुतेक ठिकाणी. वारस अडवतात ते याच भीतीनं. ते त्यांना समजावून सांगितलं तर सह्या मिळतात.

आणखी एक. मीटर वाचायला माणूस आलाच नाही आणि सरासरी बिल येत राहिलं, मग एकदम तीन महिन्यांचे युनिट एका बिलात आले, तर टप्पेही तीन महिन्यांचे धरायला हवेत. म्हणजे पहिल्या दरानं १०० नाही, ३०० युनिट. बिल हातात घेऊन कालावधी तपासा. म्हाताऱ्या माणसांची यात सगळ्यात जास्त फसगत होते, भरून मोकळे होतात बिचारे. आणि दोन वर्षांपूर्वीची थकबाकी आज अचानक दाखवली तर कलम ५६(२) दाखवा. मधल्या बिलांत ती सतत दाखवलेली नसेल तर वसूल करता येत नाही. उपविभागात ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा, त्याला वकील लागत नाही. साध्या तक्रारीला १९१२ आहेच.

वायरमन नाही

मला ८७ युनिटांचा हिशेब करावासा वाटला. साधा पंखा ७५ वॅट, रोज सोळा तास, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. जुना फ्रिज दिवसाला सव्वा युनिट धरा, ३७-३८. टीव्ही ७, दिवे ३. बेरीज ८४ च्या आसपास. म्हणजे सब-मीटर पळत नाहीय, ठीक आहे. तरी एकदा खोलीतलं सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का बघा. लुकलुकला तर शेजारची लाइन यांच्या मीटरवरून गेलेली असते. चाळींत हे भरपूर चालतं.

आता गंमत बघा. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा २८ वॅटचा येतो. सोळा तासांना महिन्याला साधारण २२ युनिट वाचतात. कुळागर यांच्या घरी लावला तर महिन्याला सत्तर-ऐंशी रुपये वाचतील. मावशींच्या खोलीत लावला तर २२०, कारण त्यांना दहाचा दर. वर्ष-सव्वा वर्षात पंख्याचे पैसे सुटतात, आणि खोली बदलली तर पंखा काढून नेता येतो. त्यांना गरज जास्त, फायदा जास्त, आणि तीन हजार एकदम काढणं त्यांनाच अशक्य. सरकारनं दिव्यांसारखे हे पंखे वाटले तर मीटर कुणाच्या नावावर हा प्रश्नच येत नाही.

शिगमो

सोलर कुणी बोललं नाही अजून? पंतप्रधान सूर्यघर. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीनला ७८ हजार सबसिडी. आमच्या कॉलनीत चार जणांनी बसवलं.

वायरमन नाही

छप्पर कुणाचं? चाळ मालकाची.

आणि ज्याचं स्वतःचं छप्पर आहे, पण वापर महिन्याला शंभरच्या आत, त्यालाही आपल्या दरात ते परवडत नाही. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. दोन रुपयांच्या दरानं वाचले दोन-अडीचशे. सबसिडी जाऊन खिशातले तीस-चाळीस हजार वसूल व्हायला बारा-पंधरा वर्षं. वर मंगळुरी कौलांवर सांगाडा बसवायचा तर वासे बदलण्यापासून तयारी. ही योजना तुमच्या कॉलनीतल्या एसीवाल्या चार जणांसाठी उत्तम आहे, त्यांचं चारशेच्या वरचं युनिट वाचतं. गरिबाच्या बिलाची मदत म्हणून तिचं नाव घेऊ नका.

माटोळी

कुळागर, एक राहिलंच. तू लिहिलंस की थोरला मुलगा इथे जन्मला आणि दहावीला आहे. म्हणजे गोव्यात पंधरा वर्षं होऊन गेली! मग गृह आधार बघ. विवाहित बाईला महिन्याला १५०० रुपये, नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत हवं आणि गोव्यात पंधरा वर्षं वास्तव्य हवं. २०१२ मध्ये पर्रीकरांनी ती काढली तीच मुळी महागाईत घरखर्चाला हातभार म्हणून. पैसे थेट बाईच्या खात्यात. मालकाला विचारायचं नाही, मीटर नको, ना-हरकत नको. वीजबिलाच्या मदतीपेक्षा ही मदत मोठी, आणि ८७० तर त्यात सहज निघतील.

मुलाचा जन्मदाखला, शाळेतले दाखले, लसीकरणाचं कार्ड, जे असेल ते गोळा कर. रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून लागेल.

पारोडो

तोंडी करारावर पंधरा वर्षं सिद्ध करणं कठीण. तलाठी चौकशीला आला तर मालक काय सांगेल? भाडेकरूची नोंदच केलेली नसेल तर तो म्हणेल, "कोण? ओळखत नाही."

माटोळी

म्हणूनच शाळेचे कागद म्हणतेय. पहिलीपासून दहावीपर्यंत मुलगा एकाच गावच्या शाळेत असेल तर आई काय हावेरीहून डबा पाठवत होती?

कुळागर

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

उज्ज्वलाचा अर्ज भरला, गावी कुणाच्या नावावर गॅस नाही हे बरं झालं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सगळ्या वर्षांचा एकत्र दाखला द्यायचं कबूल केलंय. पहिली चार वर्षं मुलगा दुसऱ्या शाळेत होता, तिथला कागद अजून मिळायचाय.

मालकाशी माझे यजमान बोलले. कलमं काढली नाहीत, पारोडो यांनी लिहिलं होतं तसं पंपाचं आणि बाहेरच्या दिव्यांचं विचारलं. त्यानं चक्क मुख्य मीटरचं बिल आणून दाखवलं. भागाकार केला तर पंप धरूनही युनिट सातच्या आत येतं. आता तो आठ म्हणतोय. वेगळ्या मीटरला मात्र "बघू". यजमानांच्या मते, एकट्या मावशींनी मागण्याऐवजी सगळ्या खोल्यांनी मिळून मागावं. सगळ्यांना एकदम बाहेर काढणं त्याला परवडणार नाही. पण बाकीच्या खोल्यांतली माणसं कामाच्या मोसमानुसार येतात-जातात, त्यांना मीटरात रस नाही.

काका, एक विचारायचं होतं. दहाही खोल्यांनी अर्ज केला तर खात्याला नवी केबल ओढावी लागेल का? तो खर्च कुणाचा? मालकानं तोच मुद्दा काढलाय.

फ्यूजवाला

आत्ता चाळीला येणारी लाइन एक फेजची की तीन फेजची, ते आधी बघून सांगा. मुख्य मीटरच्या पेटीत किती फ्यूज आहेत तेवढे मोजा, झाकण उघडू नका, बाहेरून दिसतात. तीन फेज असेल तर बहुतेक तीच सर्व्हिस लाइन पुरेल, फक्त मीटरांसाठी भिंतीवर जागा आणि खोल्यांपर्यंतचं आतलं वायरिंग लागेल. ते वायरिंग मालकाचं काम. सब-मीटर बसवताना त्यानं ते आधीच केलेलं आहे, तेव्हा तो मुद्दा त्याला फार ताणता येणार नाही.